क्रियापद कोणाचं ऐकतं? मराठी वाक्यातल्या मेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख, अर्ज, बातम्या, सूचना लिहिताना अडलेल्यांचे हे प्रश्न आहेत. सोप्यापासून सुरुवात करून हळूहळू अडचणीच्या जागांकडे गेलो आहोत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथे जे सांगितलं आहे ते लेखी प्रमाण मराठीपुरतं आहे. बोलींमध्ये वेगळं रूप ऐकू आलं तर ते त्या बोलीच्या नियमाने बरोबरच असतं.

1. मेळ म्हणजे नेमकं काय?

नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद यांची लिंग, वचन आणि पुरुष यांबाबतची जुळणी म्हणजे मेळ. 'मुलगा आला, मुलगी आली, मूल आलं' इथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदललं. सगळीच रूपं सगळं दाखवत नाहीत. 'जाईल, जातील' या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. 'आहे'मध्ये दिसत नाही, 'होता, होती, होतं'मध्ये दिसतं. त्यामुळे चुका मुख्यतः भूतकाळात, 'वा-वी-वे'च्या रूपांत आणि 'चा-ची-चं' लागलेल्या रूपांत सापडतात.

2. क्रियापद कोणाप्रमाणे चालवायचं हे पटकन कसं ओळखायचं?

प्रत्यय पाहा. ज्याला 'ने, नी, ला, ना' असं काही चिकटलं आहे, त्याचं क्रियापद ऐकत नाही.

आधी कर्ता तपासा. तो मोकळा असेल तर क्रियापद त्याच्यामागे जातं: 'सुमन पत्र लिहिते.' कर्त्याला प्रत्यय असेल तर कर्माकडे वळा. कर्म मोकळं असेल तर क्रियापद कर्माचं ऐकतं: 'सुमनने पत्र लिहिलं, सुमनने चिठ्ठी लिहिली, सुमनने निबंध लिहिला.' दोघांनाही प्रत्यय असेल, किंवा कर्त्याला प्रत्यय आहे आणि कर्मच नाही, तर क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहतं: 'सुमनने भावाला बोलावलं.'

शाळेत शिकलेले कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग ते हेच. नावं विसरली तरी चालेल, पण तपासण्याचा क्रम विसरू नका. वाक्यात दोन कर्मं असतील तर 'ला' लागलेलं सोडून द्यायचं: 'आईने मुलाला गोष्ट सांगितली' यात 'सांगितली' हे 'गोष्ट'मुळे आहे.

3. मी मुलगी आहे. मग 'मी फोन केली' का चूक?

कारण 'मी'ला 'ने' दिसत नसला तरी तो तिथे आहे असं धरायचं. 'मी, आम्ही, तू, तुम्ही' या चार सर्वनामांना 'ने' लागत नाही, पण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात ती 'त्याने, तिने'सारखीच वागतात. म्हणून बोलणारी स्त्री असो की पुरुष, 'मी फोन केला, मी चूक केली, मी काम केलं' हीच रूपं येतात. शंका आली तर 'मी'च्या जागी 'तिने' घालून पाहा. 'तिने फोन केला' म्हणजे 'मी फोन केला'.

अकर्मक क्रियापदात मात्र बोलणाऱ्याचं लिंग येतं: मी गेलो, मी गेले.

4. 'तू पुस्तक वाचलं' की 'तू पुस्तक वाचलंस'?

लेखनात 'वाचलंस'. इथे क्रियापद दोघांचंही ऐकतं. लिंग-वचन कर्माकडून घेतं आणि शेवटचा 'स' कर्त्याकडून. 'तू चिठ्ठी लिहिलीस, तू चिठ्ठ्या लिहिल्यास, तू निबंध लिहिलास.' 'तुम्ही' असेल तर 'त': 'तुम्ही पत्र लिहिलंत, तुम्ही चिठ्ठी लिहिलीत.' जुन्या व्याकरणांत याला संकर प्रयोग म्हणतात. बोलताना हा 'स' आणि 'त' गळतो. छापील मजकुरात गळू देऊ नये.

5. 'तिने मराठी शिकली' असं ऐकतो. हे बरोबर आहे का?

नाही, 'ती मराठी शिकली'. काही क्रियापदांना कर्म असतं, तरी भूतकाळात त्यांचा कर्ता 'ने' घेत नाही. ही यादी पाठच करावी लागते: शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे, पिणे, जेवणे, नेसणे, हरणे, चावणे. 'तो पाणी प्यायला, मी तुझं नाव विसरलो, तो सामना हरला, कुत्रा मला चावला.'

'तिने साडी नेसली' हे वाक्य अनेकांना खटकत नाही, कारण 'ती' आणि 'साडी' दोन्ही स्त्रीलिंगी आहेत आणि क्रियापदाचं रूप दोन्हीकडून सारखंच येतं. साडीच्या जागी धोतर घ्या. 'तो धोतर नेसला' सहज म्हणता येतं, 'त्याने धोतर नेसलं' म्हणताना जीभ अडखळते. यादीतल्या क्रियापदाची परीक्षा घ्यायची तर असंच कर्त्याचं आणि कर्माचं लिंग वेगळं ठेवून घ्यावी.

जोड्यांकडे लक्ष ठेवा. शिकणे यादीत आहे, शिकवणे नाही: 'ती गणित शिकली', पण 'तिने गणित शिकवलं'. म्हणणे दोन्हीकडे जातं: 'ती काहीतरी म्हणाली', पण 'तिने गाणं म्हटलं'. जिंकणे दोन्ही प्रकारे रूढ आहे. 'तो सामना जिंकला' आणि 'त्याने सामना जिंकला' यांपैकी एकालाही चूक म्हणू नये.

6. 'मुले आले' की 'मुले आली'?

'मुले आली'. आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त छापली जाणारी चूकही हीच.

'मूल' नपुंसकलिंगी आहे. त्याचं अनेकवचन 'मुले' किंवा 'मुलं', आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचं क्रियापद ईकारान्त असतं: मुले आली, झाडे पडली, गावे बुडाली, शहरे वाढली, पुस्तके मिळाली. 'मुलगे' हा पुल्लिंगी शब्द वेगळा, तिथे 'मुलगे आले'. 'मुली' स्त्रीलिंगी, तिथे 'मुली आल्या'.

चूक होते ती 'ए'च्या ओढीने. 'मुले'च्या शेवटी 'ए' ऐकला की हात आपोआप 'आले' लिहितो. शिवाय 'आली' हे रूप एका मुलीचं वाटतं. ओळखायची खूण अशी: नामाआधी 'हे' लावता येतं की 'ही', ते पाहा. 'ही मुले, ही झाडे, ही गावे' म्हणजे क्रियापद 'आली, पडली, बुडाली'. 'हे मुलगे, हे दगड' म्हणजे 'आले, पडले'. विशेषणही याच वाटेने जातं: 'चांगली पुस्तके', 'माझी मुले'. 'चांगले पुस्तके' नव्हे.

'लोक' पुल्लिंगी अनेकवचनी आहे, 'लोक आले'. 'माणसं' मात्र 'आली'.

7. 'केले' आणि 'केलं' यांत फरक आहे का?

'काम केले' आणि 'काम केलं' एकच. पहिलं ग्रंथिक वळणाचं, दुसरं बोलण्याच्या जवळचं. एका मजकुरात एकच वळण ठेवा. फक्त एवढं जपा की पुल्लिंगी अनेकवचनाच्या 'केले'वर अनुस्वार कधीच येत नाही. 'त्याने दोन फोन केले' बरोबर, 'त्याने दोन फोन केलं' चूक.

8. 'पोलिसांनी तिला पकडली' चालेल का?

प्रमाण लेखनात 'पकडलं' किंवा 'पकडले'. कर्माला 'ला' लागला की क्रियापदाचा त्याच्याशी संबंध संपला (प्रश्न 2). चोर एक असो की दहा, 'चोराला पकडलं, चोरांना पकडलं'. 'आईने मुलीला निजविली' अशी रूपं जुन्या मराठीत आणि काही बोलींत आढळतात, व्याकरणात त्यांना जागाही आहे. आजच्या बातमीत किंवा अहवालात मात्र ती विसंगत दिसतात.

9. 'मला दोन वह्या घ्यायचं आहे' यात काय चुकलं?

दोन ठिकाणी चुकलं. 'मला'ला 'ला' आहे, तेव्हा क्रियापद 'वह्या'चं ऐकणार: 'मला दोन वह्या घ्यायच्या आहेत.' 'घ्यायच्या' आणि 'आहेत' दोन्ही बदलायला हवेत. अनेक जण पहिलं बदलतात आणि 'आहे' तसंच ठेवतात.

'मला वही घ्यायची आहे, मला पेन घ्यायचं आहे, मला कागद घ्यायचे आहेत.' कर्म नसेल किंवा त्याला प्रत्यय असेल तर नपुंसकलिंगी एकवचन: 'मला झोपायचं आहे, मला आईला भेटायचं आहे.' आवडणे, हवा, पाहिजे यांचंही तसंच: 'मला ही गाणी आवडतात, मला चार वह्या हव्यात, मला चार कागद पाहिजेत.'

10. 'तिने पत्र लिहू शकलं नाही' हे विचित्र का वाटतं?

कारण जोडक्रियापदात शेवटचं क्रियापद हुकूम देतं, आणि 'शकणे' 'ने' घेत नाही. 'लिहिणे' एकटं असतं तेव्हा 'तिने पत्र लिहिलं', 'शकणे' जोडलं की 'ती पत्र लिहू शकली नाही'. 'लागणे'चे दोन अर्थ दोन वेगळ्या रचना मागतात. सुरुवात करणे या अर्थी 'ती पत्रं लिहू लागली'. भाग पडणे या अर्थी 'तिला पत्रं लिहावी लागली', इथे 'पत्रं' राज्य करतात. 'ठेवणे, टाकणे, देणे' जोडलं की 'ने' परत येतो: 'तिने पत्र लिहून ठेवलं', 'तिने मला जाऊ दिलं'.

11. सूचनाफलकावर 'कागदपत्रे जोडावे' लिहायचं की 'जोडावीत'?

'जोडावीत'. 'वा-वी-वे'च्या रूपात कर्त्याला 'नी' असतो, तेव्हा रूप कर्मावरून ठरतं आणि अनेकवचनात शेवटी 'त' येतो. 'शुल्क भरावे, फी भरावी, अर्ज भरावा' ही एकवचनं. 'अर्ज भरावेत, प्रती जोडाव्यात, कागदपत्रे जोडावीत' ही अनेकवचनं.

उलटी चूकही होते. 'पालकांनी उपस्थित राहावेत' यात पालक अनेक आहेत म्हणून 'त' लावला आहे. पण 'पालकांनी'ला प्रत्यय आहे आणि कर्म नाही, म्हणून 'राहावे'. पुढच्याच ओळीत 'पालकांनी अर्ज आणावेत' असेल तर तिथला 'त' अर्जांचा आहे.

12. 'पुस्तके मिळाली नाही' की 'नाहीत'?

'नाहीत'. एकवचन 'नाही', अनेकवचन 'नाहीत'. 'नको'चं 'नकोत' होतं.

13. 'आणि'ने जोडलेल्या नामांचं लिंग वेगळं असेल तर?

एकाच लिंगाची माणसं किंवा प्राणी असतील तर प्रश्न नाही, त्याच लिंगाचं अनेकवचन: 'सीमा आणि रीमा आल्या.'

मिश्र लिंगाच्या माणसांसाठी परंपरेने नपुंसकलिंगी अनेकवचन आहे: 'मुलगा आणि मुलगी आली.' आदर असला की पुल्लिंगी: 'आई आणि बाबा आले.' आज 'नवरा-बायको आले' असंही सर्रास लिहितात. आम्ही ते सुधारत नाही.

निर्जीव वस्तूंमध्ये क्रियापद शेवटच्या नामाचं ऐकतं. 'त्याने एक खुर्ची आणि दोन पलंग घेतले', पण क्रम उलटा केला तर 'त्याने दोन पलंग आणि एक खुर्ची घेतली'. दुसरं वाक्य व्याकरणात बसतं, कानाला मात्र पलंग हवेत राहिल्यासारखे वाटतात. म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवावं. 'त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी आहे' यातलं 'आहे' याच नियमाने आलं आहे.

'किंवा'ने जोडलेलं असेल तर बेरीज होत नाही, जवळचं नाम जिंकतं: 'दादा किंवा ताई आली असेल.'

14. 'मी आणि ती गेलो' की 'गेले'? आम्ही दोघीही मुली आहोत.

'गेलो'. प्रथमपुरुषी अनेकवचनात लिंग दिसत नाही: 'आम्ही गेलो' स्त्रियाही म्हणतात. जोडलेल्यांत 'मी' असेल तर क्रियापद 'आम्ही'चं. 'मी' नाही पण 'तू' आहे, तर 'तुम्ही'चं: 'तू आणि दादा कधी आलात?'

सकर्मक भूतकाळात एक गंमत होते. 'मी'ला 'ने' लागत नाही आणि 'ती'ला लागतो, म्हणून 'मी आणि तिने नाटक पाहिलं'. दिसायला लंगडं, पण बरोबर. 'बरोबर, सोबत, सह' यांनी जोडलेली व्यक्ती मोजायची नाही: एकटी बोलणारी स्त्री 'मी तिच्याबरोबर गेले' असंच म्हणेल.

15. आदर दाखवायचा आहे. मग 'साहेबांनी आदेश दिले' लिहू का?

आदेश एकापेक्षा जास्त असतील तरच. एक असेल तर 'साहेबांनी आदेश दिला'. साहेबांचा मान 'साहेबांनी'मधल्या 'नी'ने राखला, क्रियापद आदेशाचं आहे. 'मॅडमांनी वह्या तपासल्या' यातलं 'तपासल्या'ही वह्यांसाठी आहे, मॅडमांसाठी नाही.

कर्ता मोकळा असतो तिथे आदराचं अनेकवचन क्रियापदावर येतं: 'सर आले, बाई आल्या.' पदाचं नाव पुल्लिंगी वाटलं तरी व्यक्ती स्त्री असेल तर 'डॉक्टर म्हणाल्या, राज्यपाल आल्या'. एकदा 'आल्या' लिहिलं की पुढच्या वाक्यात 'तिने' नको, 'त्यांनी' हवं. हे बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात सुटतं. मजकूर संपल्यावर फक्त सर्वनामं वाचत एकदा खाली यावं.

16. लांब वाक्यात शेवटी कोणतं रूप घ्यायचं हेच कळत नाही. काय करावं?

हे वाक्य घ्या: 'पुरात सापडलेल्या गावांतील घरांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांची यादी तयार करण्यात आले.' क्रियापदापासून उलटं चाला आणि पहिलं मोकळं नाम शोधा. 'यादी' मोकळी आहे. पंचनामे, नुकसान, घरं, गावं या सगळ्यांना प्रत्यय आहेत. तेव्हा 'यादी तयार करण्यात आली'.

मराठीने इथे एक खूण आयतीच ठेवली आहे. 'पंचनाम्यांची' यातला 'ची' पुढच्या नामाशी जुळलेला असतो. 'ची' लिहिताना तुम्ही 'यादी'चं लिंग ओळखलंच होतं. 'पंचनाम्यांचा अहवाल' असतं तर 'आला', 'पंचनाम्यांचे काम' असतं तर 'आले'. मेळ चुकला की आधीचा 'चा-ची-चे' आणि शेवटचं क्रियापद एकमेकांशी भांडताना दिसतात.

17. 'दीड तास लागला' की 'लागले'?

'लागला'. पाऊण, सव्वा, दीड यांच्याबरोबर एकवचन चालतं. 'अडीच'पासून अनेकवचन: 'अडीच तास लागले.' 'तास, अर्ज, दगड' यांसारखी पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत, म्हणून वचन दाखवण्याचा सगळा भार क्रियापदावर येतो.

मापाचा शब्द मोजत नाहीत: 'दोन लिटर पाणी सांडलं, दहा किलो साखर आणली.' टक्क्यांचंही तेच: '60 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या', '60 टक्के मतदान झालं'.

18. समितीने अहवाल दिला. पुढच्या वाक्यात 'तिने' की 'त्यांनी'?

'तिने'. समिती, संघ, जमाव, जनता हे समूह असले तरी शब्द एकवचनी आहेत. 'त्यांनी' लिहायचंच असेल तर आधी 'समितीच्या सदस्यांनी' असं म्हणून घ्या. 'पोलीस' मात्र दल या अर्थी अनेकवचनीच: 'पोलीस आले, त्यांनी चौकशी केली.'

19. आलेला माणूस पुरुष की स्त्री हे माहीत नसेल तर कोणतं सर्वनाम?

प्रश्नात नपुंसकलिंग कामाला येतं: 'कोण आलं?', 'कोणी आलं होतं का?' नियम लिहिताना 'त्याने/तिने' अशी तिरकी रेघ ओढण्यापेक्षा अनेकवचन घ्या: 'ज्यांनी अर्ज केला नाही त्यांनी तो आज करावा.' 'प्रत्येक' नेहमी एकवचनी: 'प्रत्येकाने आपापली वही उघडली.'

20. 'व्यक्ती' पुरुष असेल तर 'त्याने' लिहायचं का?

नाही. सर्वनाम शब्दाच्या लिंगाशी जुळतं. 'एक व्यक्ती आली, तिने दार ठोठावलं', मग ती मिशा असलेली का असेना. खटकत असेल तर 'व्यक्ती' सोडून 'माणूस' किंवा 'गृहस्थ' घ्या. अर्ध्यात 'तिने'वरून 'त्याने'वर उडी मारू नका, वाचकाला दुसरा कोणीतरी आल्यासारखं वाटतं. 'मूल' आणि 'बाळ' यांनाही 'ते': 'बाळ रडलं, ते भुकेलं होतं.'

21. 'रमेशने सुरेशला आपली वही दिली' यात वही कोणाची?

रमेशची. 'आपला' वाक्याच्या कर्त्याकडे जातो. 'त्याची वही' लिहिलं तर ती सुरेशची किंवा तिसऱ्याच कोणाची. तरीही घोटाळा होईल असं वाटलं तर नाव पुन्हा लिहा. सर्वनाम वाचवण्यापेक्षा अर्थ वाचवणं स्वस्त पडतं. 'ते' या एका रूपात आदरार्थी एक पुरुष, अनेक पुरुष आणि एक वस्तू असे तीन अर्थ मावतात, तेव्हा सलग दोन 'ते' वेगळ्या अर्थांनी येऊ देऊ नयेत.

22. 'पाऊस हे मुख्य कारण होता' की 'होतं'?

'होतं'. अशा वाक्यात 'हे' दुसऱ्या नामाशी, म्हणजे 'कारण'शी जुळलेलं असतं आणि क्रियापद त्याच्याबरोबर जातं: 'पाऊस ही मुख्य अडचण होती', 'पाऊस हा मुख्य अडथळा होता'. 'हा-ही-हे' आणि क्रियापद यांचं रूप एकच ठेवलं की काम झालं.

23. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं लिंग कसं ठरवायचं?

बहुतेकदा जवळच्या मराठी शब्दाच्या ओढीने ठरतं. 'गाडी'मुळे 'बस आली, कार आली'. पण हा नियम पक्का नाही. 'फोन आला', 'लिंक उघडली' आता स्थिरावले आहेत. 'ईमेल आला' आणि 'ईमेल आली' दोन्ही चालतात, 'पेन हरवला' आणि 'पेन हरवलं' दोन्ही ऐकू येतात. एक निवडा आणि त्या मजकुरात शेवटपर्यंत तेच ठेवा, विशेषणासकट: 'तुमचा ईमेल मिळाला' लिहिल्यावर खाली 'वरील ईमेलची प्रत काढून ती जोडावी' हे चालेल, कारण तिथली 'ती' प्रतीची आहे.